निरोपाचा धनी

शाळेतल्या निबंधाचा एक विषय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आधी तो ‘विज्ञान : शाप की वरदान’ असा होता. मग विज्ञानाच्या जागी दूरदर्शन आले, मग मोबाइल, आणि आता समाजमाध्यमे. मुले इमानाने आधी फायदे लिहितात, मग तोटे, आणि शेवटी ‘वापर जपून करावा’ म्हणून मोकळी होतात. गुरुजीही दहापैकी सात देऊन मोकळे होतात. या निबंधात चांगले आणि वाईट ही दोन वेगळ्या माणसांची कामे असल्यासारखी वाटतात. भले लोक भले पाठवतात, बुरे लोक बुरे. खान्देशात 2018 च्या उन्हाळ्याअखेरीस आणि पावसाच्या तोंडाशी जे घडले, ते मात्र या हिशोबात बसत नाही.

राईनपाडा हा धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातला आदिवासी पाडा, पिंपळनेरच्या पुढे गुजरातच्या सीमेकडचा. 1 जुलै 2018 ला रविवार होता, तिथल्या आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे त्या दिवशी बाजारात आली. बहुतेक मंगळवेढ्याकडची. गावोगाव फिरून भिक्षा मागणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. त्यांच्यातला एकजण एका लहान मुलीशी बोलला, एवढे निमित्त झाले, असे तेव्हा सांगण्यात आले. ‘पोरं पळवणारी टोळी आली’ अशी हाकाटी झाली. जमावाने त्यांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले, तिथे कोंडले आणि जीव जाईपर्यंत मारले. पोलीस पोचले तेव्हा त्यांनाही कुणी जुमानले नाही. पाचही माणसे गेली. पहिल्या दोन दिवसांतच वीसहून अधिक जणांना अटक झाली आणि ज्या पाड्याचे नाव तालुक्याबाहेर फारसे कुणाला ठाऊक नव्हते, ते देशभरच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आले.

त्या आधीचे काही आठवडे मुले पळवणाऱ्या टोळ्यांचे संदेश या भागातल्या मोबाइलवर फिरत होते. एकट्या खान्देशातच नाही. आसाम, कर्नाटक, तेलंगणा, औरंगाबादचा परिसर, सगळीकडे. एक चित्रफीत तर फारच गाजली. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यात खेळणाऱ्या पोराला उचलतात आणि पसार होतात. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवली होती. तिच्या शेवटी ते दोघे मूल परत आणून ठेवतात आणि फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. त्यात एक विचित्र गोष्ट आहे. चित्रफीत बनवली ती मुलांच्या काळजीने, आणि शेवट कापल्यावरही ती पुढे गेली ती बहुतांशी काळजीनेच. कापणाऱ्याच्या मनात काय होते ते तो जाणे. पण ती आपल्यापर्यंत आणली कुणी? मावशीने, मास्तरांनी, सोसायटीच्या चिटणिसाने, गावच्या दूध डेअरीवरच्या पोराने. ‘मुलांना एकटं सोडू नका, जास्तीत जास्त लोकांना पाठवा.’ यात द्वेष कुठे आहे? उलट आपल्या माणसाला सावध करावे, ही माणसाची फार जुनी आणि फार चांगली खोड आहे. पाच माणसांचा जीव घेणारा निरोप चांगल्या बाजूच्याच रस्त्याने चालत गेला. म्हणून फायदे एका रकान्यात आणि तोटे दुसऱ्या रकान्यात घालून हे कोडे सुटत नाही.

मग दोष यंत्राचा म्हणावा, तर अफवेला यंत्र लागत नाही. 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध प्यायला, तेव्हा कुणाच्या खिशात व्हॉट्सॲप होते? एका दिवसात देशभरच्या देवळांपुढे रांगा लागल्या, त्या लँडलाइन आणि एसटीडी बूथच्या जोरावर. त्याहीआधी संतोषीमातेची पोस्टकार्डे होती. हे पत्र मिळताच इतक्या जणांना लिहा, अमक्याला लॉटरी लागली, तमक्याने पत्र फाडले तर त्याचा बैल मेला. आणि अगदी अलीकडचे, घरचेच उदाहरण हवे असेल तर 22 जानेवारी 2025 चे पाहावे. जळगाव जिल्ह्यात पाचोरा तालुक्यातल्या परधाडे स्थानकाजवळ पुष्पक एक्सप्रेसच्या एका डब्यात आग लागल्याची आवई उठली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली, घाबरलेली माणसे रुळांवर उतरली आणि शेजारच्या रुळावरून येणाऱ्या कर्नाटक एक्सप्रेसखाली किमान 12 जण गेले. आग नव्हतीच. एका तोंडून दुसऱ्या कानात एवढाच त्या आवईचा प्रवास, आणि तो मिनिटांत झाला.

मग नवे काय झाले? वेग वाढला हे खरेच. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत चित्रफिती उतरू लागल्या. पण वेगाहून मोठा फरक दुसराच आहे, असे मला वाटते. निरोप राहिला आणि त्याचा धनी नाहीसा झाला.

गावात बातमी येते ती माणसाच्या पायांनी येते. कुणी काही सांगितले की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, ‘तुले कोनी सांगं?’ उत्तर येते, पिंपळनेरच्या अमुक शिंप्याने. मग पारावरचे चारजण शिंप्याला तोलतात. तो बोलतो त्यातले निम्मे सोडून द्यावे, हे सगळ्यांना ठाऊक असते. किंवा उलट, तो माणूस कमी बोलणारा आहे, तेव्हा यात तथ्य असावे. बातमी खोटी निघाली तर पुढच्या बाजारात शिंप्याला तोंड दाखवायची पंचाईत. ही काही फार उच्च दर्जाची व्यवस्था नव्हती. तिच्यातूनही चेटकीण ठरवून बायका मारल्या गेल्या, हे खान्देशातल्या आदिवासी भागाला कुणी सांगायला नको. पण निदान प्रत्येक गोष्टीमागे एक चेहरा होता आणि त्या चेहऱ्याला जाब विचारता येत होता.

फॉरवर्डमध्ये काय होते ते पाहा. निरोप मला माझ्या मामाकडून येतो. मामांवर माझा विश्वास आहे, म्हणून निरोपावरही बसतो. पण मामांनी तो लिहिलेला नसतो. त्यांना विचारावे, तर उत्तर ठरलेले : मला आलं, मी पाठवलं. ज्यांनी मामांना पाठवले त्यांचेही उत्तर हेच. अशी साखळी कितीही मागे नेली तरी ‘मी पाहिलं, मी सांगतो’ म्हणणारा सापडत नाही. प्रत्येक हाताशी विश्वास वाढत जातो आणि जबाबदारी मात्र पहिल्याच हाताशी गळून पडलेली असते. त्यातून तोच निरोप भाऊबंदांच्या ग्रुपवर, शाळासोबत्यांच्या ग्रुपवर आणि गल्लीच्या गणेश मंडळाच्या ग्रुपवर येतो. आपल्याला वाटते तीन साक्षीदार झाले. साक्षीदार एकही नसतो. न्यायालय ऐकीव पुरावा सहसा मानत नाही, त्यामागची शहाणीव हीच आहे. आपण मात्र घरबसल्या ऐकीव पुराव्यावर निकाल देतो, आणि राईनपाड्यात तर त्या निकालाची अंमलबजावणीही झाली.

धन्यावाचून निरोप चालत नाही, हे त्या निरोपाला जणू स्वतःलाच कळते. म्हणून तो खोटा धनी शोधतो. ‘पोलिसांकडून सूचना’, ‘कलेक्टर साहेबांचा आदेश’, ‘मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सांगितले’. साहित्यात तर याची गंमतच चालली आहे. पु. ल. देशपांडे 12 जून 2000 ला गेले, पण व्हॉट्सॲपवर त्यांचे लेखन पूर्वीपेक्षा जोरात आहे. दिवाळी, पाऊस, निवृत्ती, सुनबाई, कुठल्याही विषयावर त्यांचा ताजा मजकूर येतो आणि तो वाचून पु. लं.नीच कपाळाला हात लावला असता. आमच्या बहिणाबाई चौधरींच्या नावावरही असे बरेच काही खपते. बहिणाबाई जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्या गात आणि मुलगा सोपानदेव व एक आप्त ते टिपून ठेवत. 1951 मध्ये त्या गेल्यावर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये पुस्तक निघाले. तोंडी गाणी, पण ज्यांच्या हातून ती गेली त्यातला प्रत्येक हात नावाचा होता. म्हणून आज त्यांचे कोणते आणि त्यांचे नसलेले कोणते, हे सांगता येते.

आता त्याच मोबाइलवर, त्याच जिल्ह्यांत, हा धनी शाबूत राहतो तेव्हा काय होते तेही पाहायला हवे.

रावेर-यावलच्या केळी उत्पादकांच्या फोनवर भाव येतात. रावेरचा बोर्ड भाव काय निघाला, बुऱ्हाणपूरला काय चाललंय, व्यापारी प्रत्यक्षात किती देतोय. पूर्वी शेतकऱ्याला व्यापारी सांगेल तो भाव खरा मानावा लागे. घड उतरवल्यावर माल थांबवता येत नाही, हे व्यापाऱ्याला पक्के ठाऊक. आता बागेतच उभे राहून दोन ठिकाणचे भाव ताडून पाहता येतात. हा निरोपही हातोहात फिरतो, फॉरवर्डच होतो. पण भाव टाकणारा कोण, कुठल्या गावचा, त्याची बाग कुठे, हे ग्रुपला माहीत असते. चुकीचा भाव टाकला तर दुसऱ्या दिवशी फोन खणखणतो. पानांवर रोग दिसला की फोटो टाकतात आणि तज्ज्ञाला विचारतात, तिथेही विचारणारा आणि सांगणारा दोघे नावानिशी असतात. निबंधातला ‘फायदे’ नावाचा रकाना प्रत्यक्षात इथे भरलेला दिसतो.

दुसरे उदाहरण अहिराणी गाण्यांचे. शाळेत, पुस्तकात, आकाशवाणीवर जिला कधी धड जागा मिळाली नाही, त्या बोलीची गाणी यूट्यूबवरून खान्देशाबाहेर गेली. ‘हाई झुमकावाली पोर’ पुण्या-मुंबईच्या लग्नांत वाजू लागले. ज्यांना अहिराणीचा एक शब्द समजत नव्हता तेही नाचले. सुरतेत कामाला गेलेला धुळ्याचा पोरगा आपल्या बोलीत बोलायला आता तितका लाजत नाही. या गाण्यांतली सगळीच काही ग्रेट नाहीत, काही तर कानाला त्रास देतात. पण प्रत्येकाखाली गायक, गीतकार, संगीतकार, कॅमेरावाला यांची नावे असतात, आणि पुष्कळदा ऑर्डरसाठी मोबाइल नंबरसुद्धा! शिव्या द्यायच्या तर कुणाला द्यायच्या, ते स्पष्ट असते.

इथवर गोष्ट सरळ आहे : धनी असला तर बरे, नसला तर घात. पण राईनपाड्याच्या तीनच आठवडे आधी शेजारच्या जळगाव जिल्ह्यात घडलेल्या एका प्रकाराने मला हे इतक्यावर सोडता येत नाही. जामनेर तालुक्यातल्या वाकडी गावात, जून 2018 मध्ये, विहिरीत पोहल्याच्या रागातून मातंग समाजाच्या अल्पवयीन मुलांना नग्न करून मारहाण झाली. त्याचे मोबाइलवर चित्रण झाले आणि ते पसरले. पसरले म्हणून गाव दाबू शकला असता असा प्रकार बाहेर आला, गुन्हा दाखल झाला, आरोपींना अटक झाली. अशा किती गोष्टी पूर्वी गावातल्या गावात जिरल्या असतील! तेव्हा ही समाजमाध्यमांची चांगली बाजू, असे कुणीही म्हणेल, आणि ते खोटे नाही.

पण ज्या मुलांसाठी देश हळहळला, त्यांची विटंबना देशाने पुन्हा पुन्हा पाहिलीही. संताप खरा होता, पाठवणारे नावानिशी पाठवत होते, स्वतःच्या खात्यावरून, जबाबदारी घेऊन. त्यात राष्ट्रीय पक्षाचे अध्यक्षही होते. राहुल गांधींनी ती चित्रफीत ट्विटरवर टाकली आणि अल्पवयीन मुलांची ओळख उघड होते म्हणून राज्याच्या बालहक्क संरक्षण आयोगाने त्यांना नोटीस काढली. त्यात राजकारण किती, हा भाग सोडून देऊ. आयोगाचा मूळ मुद्दा मला पटतो. पाठवणारा कोण, हे तिथे पक्के ठाऊक होते. आणि तरीही काहीतरी चुकत होते. कारण निरोपाला दोन धनी असतात. एक तो पाठवणारा, आणि दुसरा ज्याच्याविषयी तो आहे तो. वाकडीच्या मुलांना कुणी विचारले नव्हते, तुमचे हे उघडे अंग आम्ही पुढे पाठवू का? राईनपाड्याच्या पाच जणांनाही कुणी विचारले नव्हते, तुम्ही कोण, कोन्ता गावना? दोन्हीकडे ज्याच्याबद्दल निरोप, त्याला वगळूनच सगळे चालले होते. मारणाऱ्यांनी वगळले ते समजते, हळहळणाऱ्यांनीही वगळले.

आणि हे विचारणारे कुणी निघाले तर काय होते, त्याचा पुरावाही त्याच 1 जुलैच्या रात्रीचा आहे. राईनपाड्यापासून फार लांब नसलेल्या मालेगावात अशाच संशयावरून जमावाने एका कुटुंबाला घेरले. त्यांच्यासोबत दोन वर्षांचे मूल होते. संदेश तेच, भीती तीच, गर्दी तशीच. पण तिथल्या काही रहिवाशांनी त्यांना घरात घेतले, दार लावले आणि पोलीस येईपर्यंत जमावाला थोपवले. ती माणसे वाचली. हे रहिवासी कुणी अफवांचे अभ्यासक नव्हते. आपल्या दारात, आपल्या शेजाऱ्यांसमोर, ‘आधी यांना विचारू’ म्हणायला ते उभे राहिले, इतकेच. दुसऱ्या दिवशी त्यांना त्याच गल्लीत राहायचे होते.

यानंतर कंपनीने आणि सरकारने काय केले? त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने ‘फॉरवर्डेड’ अशी खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवता येईल अशी मर्यादा घातली. 2019 च्या जानेवारीत ती जगभर लागू झाली. 2020 च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या धुमाकुळात, खूपदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे झाले आणि त्यानंतर असे संदेश 70 टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. म्हणजे राईनपाड्यासारख्या घटनांनी जगभरच्या बोटांना थोडा अडसर घातला. पंधरा पैशांचे पोस्टकार्ड हाताने अकरा वेळा लिहायचे कष्ट एके काळी जे काम करत, त्यातले थोडे या मर्यादेने परत आणले. उपयोग झाला, तो नाकारू नये. पण खूण ‘हे फिरून आले आहे’ एवढेच सांगते. कुणाकडून, ते सांगत नाही.

सरकारचे लक्ष पहिल्या माणसावर. 2021 च्या फेब्रुवारीत आलेल्या नियमांत, गरज पडल्यास संदेश प्रथम कुणी पाठवला ते कंपनीने शोधून द्यावे, अशी तरतूद होती. त्याविरुद्ध व्हॉट्सॲप मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयात गेले. गुप्तता मोडेल, हे त्यांचे म्हणणे. दरम्यान ग्रुप ॲडमिनला धरावे का, हाही प्रश्न उठला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्येच सांगितले, की सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार ठरवता येत नाही. ते योग्यच आहे. पण या सगळ्या शोधाशोधीत एक माणूस कुणाच्याच नजरेत येत नाही, तो म्हणजे शेवटचा. कायदा पहिल्याला शोधतो. माझा विश्वास मात्र माझ्या मामांवर बसलेला असतो. कराचीच्या चित्रफितीचा शेवट कापणाऱ्याला राईनपाड्यात कुणी ओळखत नव्हते. त्याने थेट येऊन सांगितले असते तर बाजारात कुणी लक्षही दिले नसते. त्याला विश्वासाचे बळ पुरवले ते ओळखीच्या माणसांनी.

यावर एक आक्षेप रास्त आहे. नाव न सांगता बोलण्याची गरज गरिबालाच जास्त असते. रेशन दुकानदाराची चोरी, सरपंचाची दादागिरी, आश्रमशाळेतले हाल, हे सांगणाऱ्याने नाव दिले तर त्याची धडगत नाही. वाकडीचा प्रकार उघड करणाऱ्यालाही गावात राहायचे होते. मान्य. पण अशा वेळी निरोप पुढे नेणाऱ्याने धनी व्हावे. चांगला वार्ताहर हेच करतो. बातमी देणाऱ्याचे नाव झाकतो आणि खाली स्वतःचे घालतो. म्हणजे मी खातरजमा केली आहे, चुकलो तर मला धरा. दुसरा आक्षेप असा, की नाव घेऊन खोटे बोलणारे काय कमी आहेत? लाखो अनुयायी असलेली मंडळी स्वतःच्या फोटोसकट थापा मारतात. खरे आहे. धनी असला म्हणजे निरोप खरा झाला, असे होत नाही. जाब विचारायला एक दार मिळते, इतकेच. राईनपाड्यातल्या संदेशाला तेवढेही दार नव्हते.

तेव्हा वाचकांना, विशेषतः आमच्या धुळे-जळगावकडच्या ग्रुपांतल्या मंडळींना, एवढीच विनंती. मुले पळवणाऱ्यांचा, रोगाचा, दंगलीचा किंवा कुणाच्या बेअब्रूचा संदेश आला, तर पुढे पाठवण्याआधी पाठवणाऱ्याला फोन करा. मेसेज नको, फोनच. कुठल्या गावात झाले, कोणत्या ठाण्यात नोंद आहे, तुम्ही स्वतः पाहिले का, हे विचारा. मामा असोत, साहेब असोत, संकोच करू नका. उत्तर ‘मला आलं’ एवढेच असेल, तर तो संदेश तुमच्याच फोनवर थांबू द्या. काही घडत असल्याची खरोखर शंका असेल तर 112 ला कळवा, मुलाचा प्रश्न असेल तर 1098 ला. आणि पाठवायचेच असेल, तर खाली एक ओळ स्वतःची घाला : मी अमुक, मी अमक्याला विचारून हे पाठवतो आहे, चूक असेल तर मला फोन करा.